शनीची पेशी

आमच्या वकीलसाहेबांची एक सवय होती. माणूस दुर्बिणीपाशी आला, की ते मागून येऊन त्याच्या मानगुटीवर पंजा ठेवायचे आणि त्याचं डोकं अल्लद खाली दाबायचे. तो काही विचारू लागला, की म्हणायचे, "आधी डोळा, मग तोंड." कोर्टात तासन्‌तास बोलणारा हा माणूस दुर्बिणीपाशी दुसऱ्याला एक शब्द बोलू देत नसे. स्वतः मात्र अखंड बोलत असे. पाहणाऱ्याचा डोळा नळीला आणि कान वकीलसाहेबांच्या तोंडाला, अशी त्या बिचाऱ्याची दोन्हीकडून कोंडी व्हायची.

असा एखादा नादिष्ट तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याला हसतो, पाठीमागे त्याच्या नकला करतो, आणि त्यानं हाक मारली की भरल्या ताटावरून उठून जातो. मी तर किती वेळा उठून गेलो. बायको म्हणायची, "तुमचं लगीन माझ्याशी लागलं का त्या नळीशी?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तोवर मी अंगणाबाहेर पडलेला असे.

गाव नांदूरघाट. राज्य निजामाचं. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. आम्ही पोरांना उर्दूतून हिशेब शिकवायचो आणि पोरं तो घरी जाऊन मराठीतून चुकवायची. वकीलसाहेबांची शेती गावात आणि वकिली केजला. पेशी, म्हणजे कोर्टातली तारीख, असली की ते सकाळीच तट्टावर बसून निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. आमचं बिऱ्हाड शाळेतच, आणि शाळेची मागची भिंत हीच त्यांच्या अंगणाची भिंत होती, त्यामुळे ते आले की मला आधी कळायचं आणि त्यांच्या घरात मागून.

तट्टावर बसून बसून त्यांची कंबर धरली होती. मोमिनाबादेहून, म्हणजे आताच्या अंबाजोगाईहून, तेव्हा छावणी हालत होती. तिथला एक गोरा साहेब विलायतेला निघाला होता आणि त्यानं सामान विकायला काढलं होतं. वकीलसाहेब त्याची बग्गी घ्यायला म्हणून गेले. परत आले ते तट्टावरच. मागे एक बैलगाडी होती आणि तिच्यात कडबा अंथरून पुरुषभर लांबीची एक काळी नळी निजवली होती. मी विचारलं, बग्गीचं काय झालं? म्हणाले, "मास्तर, बग्गी केजापस्तोर नेती. ही लई लांब नेती." तट्टू मग त्यांना जन्मभर सुटलं नाही.

गावात बोभाटा झाला की वकिलानं तोफ आणली. केजला ही खबर पोचली आणि अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे अधिकारी, दोन शिपाई घेऊन चौकशीला आले. वकीलसाहेबांनी त्यांचं काहीएक ऐकून न घेता मानगुटीवर पंजा ठेवला. त्या संध्याकाळी चंद्र अर्धा होता आणि त्यावरचे खड्डे न्‌ डोंगर असे उठून दिसत होते की हात लावावा. अमीनसाहेब "या खुदा" एवढंच म्हणाले आणि चंद्र टेकडीआड जाईपर्यंत नळीत बघत राहिले. पंचनामा तसाच राहून गेला. जाताना त्यांनी हळूच विचारलं, पुढच्या हप्त्यात घरच्या माणसांना आणलं तर चालेल का.

ही दुर्बीण म्हणजे जहाजावरचा कप्तान डोळ्याला लावतो तशी नळी नव्हे. हिचं तोंड सताड उघडं. बुडाशी काचेचा एक जाड आरसा, जेवणाच्या ताटाएवढा, मध्ये किंचित खोलगट, आणि वरच्या अंगाला चांदीचा अगदी पातळ पापुद्रा चढवलेला. आकाशातला उजेड त्या आरशावर पडतो, उलटून वर येतो, आणि तिथला एक चिमुकला आरसा त्याला बाजूला वळवतो. बघायचं ते त्या बाजूच्या भोकातून. त्यामुळे आकाश बघणारा माणूस आकाशाकडे कूस करून उभा राहतो. सुरुवातीला सगळ्या गावाला वाटायचं, वकील बघतोय भलतीकडेच.

शिवाय तिच्यातून सगळं उलटं दिसतं. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी वकीलसाहेब नळी अंगणात काढायचे आणि वडवणीकडची, केजकडची माणसं घरी परतण्याआधी रांग लावायची. एकदा एका शेतकऱ्यानं डोळा लावला, मान बाहेर काढून वर बघितलं, परत डोळा लावला आणि घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला की साहेब, चांद उलटा पडलाय. वकीलसाहेब म्हणाले, "आपुन उलटे नसू कशावरून?" तो माणूस विचार करत करत गावाकडे गेला. पुढच्या बाजारी पुन्हा आला, तेव्हा त्यानं आपला भाऊ बरोबर आणला होता.

चंद्राला रांग, गुरूला रांग, कृत्तिकांना रांग. शनीला मात्र चिटपाखरू फिरकत नसे. आमच्या भागात शनी म्हणजे थट्टा नव्हे. गोदावरीकाठी राक्षसभुवनाला शनीचं ठाणं, तिथं अमावस्येला माणसं मैलोन्‌मैल चालत जातात ती त्यानं आपल्याकडे बघू नये म्हणून. आणि इथे हा माणूस सांगतोय की या, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवा. साडेसातीतल्या एका पक्षकारानं तर वकील बदलला. म्हणाला, वकील चांगला हाय, पर त्याची दोस्ती वाईट हाय.

आणि वकीलसाहेबांचं प्रेम नेमकं शनीवर. त्याच्याभोवतालच्या कड्याचं वर्णन करताना त्यांचा आवाज चढायचा, हात हवेत गोल फिरायचे, पगडी कानावर यायची. कोर्टात बाजू मांडताना मी त्यांना पुष्कळदा ऐकलंय, पण शनीची बाजू ते ज्या तडफेनं मांडत, त्या तडफेनं एखाद्या खुनाच्या आरोपीची मांडली असती तर तो हार घालून घरी आला असता. ऐकणारा बहुधा मी एकटाच असायचो.

त्यांच्या घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची आत्या. वकीलसाहेबांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, आणि आत्याबाईंना तर कुणीच राहिलं नव्हतं. प्लेगाच्या एका साथीत त्यांचा नवरा, दोन मुलगे आणि पाळण्यातली लेक, सगळी गेली. त्या वेळी घराला साडेसाती होती असं जोशांनी सांगितलेलं. तेव्हापासून दर शनिवारी आत्याबाई उपास करत, मारुतीच्या देवळातल्या शनीच्या दगडावर तेल घालत, आणि तेल घालताना तोंडातल्या तोंडात त्याला शिव्या देत. उपास आणि शिव्या दोन्हींत त्यांनी कधी खंड पडू दिला नाही.

एका संध्याकाळी वकीलसाहेब मला कड्याबद्दल सांगत होते. आत्याबाई तुळशीला दिवा लावून येत होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, "मला दावशील का त्याला?" वकीलसाहेबांना ऐकलेलं खरं वाटेना. त्या म्हणाल्या, "एकदा तोंड बघू दे त्याचं. इचारायचं हाय मला, काय बिघडवलं व्हतं मी तुझं."

तुम्ही वकीलसाहेबांना बघायला हवं होतं. ते अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. "आत्या, तू फिर्यादी. तो मुलजिम. मी मुलजिमाला हजर करतो, आमनेसामने. मास्तर, तुमी गवाह." पण शनी तेव्हा सूर्याच्या आड गेलेला. तो संध्याकाळच्या आकाशात यायला थंडी उजाडणार होती. वकीलसाहेबांनी संक्रांतीच्या सुमाराची पेशी देऊन टाकली.

ही तारीख लांबवता येण्यासारखी नव्हती, कारण आत्याबाईंचे डोळे जात होते. दोन्हींत मोतीबिंदू. उजवा एका फिरत्या सुईवाल्यानं सुई फिरवून कायमचा घालवला होता, म्हणून डाव्याला त्या कुणाला हात लावू देईनात. डावाही गढूळ होत चालला होता. माणूस जवळ आल्यावर त्या त्याला आवाजावरून ओळखायच्या आणि दिसल्यासारखं दाखवायच्या. ह्या हिवाळ्यात शनी दिसला तर दिसला. पुढच्या हिवाळ्याचा भरवसा वकीलसाहेबांना नव्हता आणि आत्याबाईंना तर नव्हताच.

पावसाळ्यात दुर्बिणीचा आरसा बाहेर काढून ठेवावा लागे. ओल लागली की त्यावरची चांदी काळी पडते. घरात कोरडी जागा एकच, देवघर. तिथे मऊ धडप्यात गुंडाळून वकीलसाहेब तो देवांच्या मागे ठेवत. त्या वर्षी पाऊस लांबला आणि जपूनही आरसा काळवंडला. वकीलसाहेब रोज तो उघडून बघत आणि हळहळत. "काळा पडला गं, आत्या. असा काळा असला तर तुला काय दिसणार?"

आता ज्या घरात बाईमाणूस आहे त्या घरात दिवाळीच्या आधी काय होतं हे मी तुम्हांला सांगायला नको. समया, ताम्हणं, निरांजनं, चांदीची ताटंवाट्या, सगळं अंगणात येतं आणि चिंच-राखेनं घासलं जातं. वकीलसाहेब त्या दिवशी केजला होते. आत्याबाईंनी देवघर रिकामं केलं. हाताला ते गोल, खोलगट, काळं पडलेलं ताट लागलं. पोराची रोजची हळहळ कानात होतीच. त्यांनी मनावर घेतलं.

संध्याकाळी वकीलसाहेबांच्या बरोबरच मी अंगणात शिरलो. आत्याबाई ओसरीवर आरसा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पदरानं पुसत होत्या. चेहरा फुललेला. म्हणाल्या, "बघ रे बाबा, कसं लख्ख निघालं. पार पलीकडलं दिसाया लागलं."

पलीकडचं दिसत होतं खरं. चांदीचा कण उरला नव्हता. नुसती काच होती आणि तिच्याखाली आत्याबाईंच्या लुगड्याचा काठ स्वच्छ दिसत होता.

मी डोळे मिटून घेतले. आता हा माणूस गाव डोक्यावर घेणार, अशी माझी खात्री होती. वकीलसाहेब पायरीवर बसले. मग त्यांनी आत्याबाईंचा हात हातात घेऊन बघितला. चिंचेनं बोटं सुरकुतली होती, राखेनं कातडी सोलली होती. म्हणाले, "लई घासलंस गं. हात दुखले असतील." तेव्हा कुठे आत्याबाईंना कळलं की काहीतरी बिघडलं आहे. रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तर त्यांनी ठरवूनच टाकलं की शनीलाच तोंड दाखवायचं नव्हतं, म्हणून त्यानं आपल्या हातून हे करवलं.

साधे दिवस असते तर आरसा विलायतेला पाठवून चांदी चढवून आणता आली असती. पण तिकडे लढाई पेटली होती, बोटी बुडत होत्या. मी समजूत घालायला गेलो तर वकीलसाहेब अंगणात नाचत होते. "मास्तर, आपुनच चढवू." गोऱ्या साहेबानं निघण्यापूर्वी त्यांच्यासमोर एकदा चांदी चढवून दाखवली होती. वकीलसाहेबांना सगळं काही आठवत होतं. फक्त आधी काय आणि मागून काय, आणि कशात किती, एवढंच आठवत नव्हतं.

सामान मात्र सगळं गावात होतं. सोनाराकडचं तेजाब, त्यात चांदी विरघळवायची. कल्हईवाल्याकडचा नवसागर, तो चुन्याबरोबर तापवून त्याची नाक जाळणारी वाफ पाण्यात धरायची. आणि घरची खडीसाखर. हे तिन्ही नीट एकत्र आले की पाण्यातली चांदी आपणहून काचेवर बसते. वकीलसाहेब कोर्टातून आले की बाराबंदीच्या बाह्या सारून कामाला लागत. सोनार आणि कल्हईवाला दोघंही दुकानं सोडून त्यांच्या ओसरीवर. गावातल्या लग्नांचे दागिने लांबले आणि भांड्यांना कल्हई होईना, म्हणून बायका कुरकुरायला लागल्या.

आरशावर एकदम प्रयोग नको म्हणून आधी कंदिलाच्या काचा घेतल्या. पहिल्या काचेवर काळा चिखल बसला. दुसरीवर तपकिरी डाग. मग पाणी नुसतंच दह्यासारखं फुटायला लागलं. माझ्या घरची काच त्यांनी मागून नेली आणि तिला आतून अर्धी चांदी चढवून परत दिली. वकीलसाहेबांचा आनंद गगनात मावेना, पण तो कंदील लावला की एका भिंतीला उजेड आणि दुसरीला अमावस्या. बायकोनं मला त्या काचेत माझं तोंड बघायला सांगितलं.

दही का होतं ते शेवटी वकीलसाहेबांच्याच डोक्यात आलं. पाणी तापवायच्या हंड्याच्या आतली पांढरी खपली खरवडता खरवडता ते ओरडले की खोट पाण्यात आहे. आमच्या आडाचं पाणी खारं. वाफ धरून थेंब थेंब उतरवलेलं पाणी पाहिजे. आणि वाफ धरून थेंब थेंब उतरवण्याची सोय गावात एकाच ठिकाणी होती, गावाबाहेरच्या दारूच्या भट्टीवर.

त्यानंतर गावानं काय पाहिलं? वकीलसाहेब रोज दिवस मावळताना भट्टीकडे जातात, बराच वेळ बसतात आणि बाटल्या घेऊन परत येतात. आरसा गेल्याच्या दुःखानं वकील नासला, असं पारावर ठरलं. मला दोघातिघांनी बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही मित्र आहात, चार शब्द सांगा. आत्याबाईंनी तर त्यांना जवळ बोलावून तोंडाचा वास घेतला. वकीलसाहेबांनी बाटली उघडून त्यांना घोटभर पाणी पाजलं. त्या म्हणाल्या, ह्याला तर काहीच चव नाही, आणि मग त्यांना अधिकच काळजी वाटायला लागली.

चांगल्या पाण्यावर काच पहिल्याच झटक्यात चकाकली. आता खऱ्या आरशाची पाळी. घरची चांदी प्रयोगांत संपली होती, आणि बाजारातल्या चांदीत तांबं फार, असं सोनार म्हणत होता. आत्याबाई आत गेल्या. त्यांनी एक पुरचुंडी आणून सोनारापुढे ठेवली. तिच्यात चांदीचे दोन वाळे होते, तान्ह्या मुलाच्या पायातले. त्यांच्या लेकीचे.

वकीलसाहेब म्हणाले, हे नाही चालायचं, हे आत ठेव. आत्याबाई ऐकेनात. "तुझी चांदी मी घासून घालीवली. आता माझी लाव." सोनारानं वकीलसाहेबांकडे बघितलं, वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो, कारण मला तिथे उभं राहवेना. चांदी तशी फार लागत नाही. ते दोन वाळे पुरून उरले.

दुसऱ्या दिवशी परातीत आरसा ठेवून त्यावर ते पाणी ओतलं. आधी ते गढूळ झालं, मग काळं, आणि सगळे श्वास धरून वाकले असताना खालून काहीतरी उजळायला लागलं. हळूहळू परातीच्या तळातून ओसरीचे वासे दिसले, मग वासे आणि त्यांच्याखाली आमची डोकी. वकीलसाहेबांनी कल्हईवाल्याला मिठी मारली, सोनाराला मिठी मारली, मला तर उचललंच. मीही ओरडत होतो असं बायको म्हणते. शेजारची माणसं पोर झालं की काय म्हणून डोकवायला आली.

संक्रांत झाली. तिळगूळ अजून डब्यात होता. शनी दिवेलागणीलाच पूर्वेला चांगला वर आलेला असे, मृगाच्या वरच्या अंगाला, स्थिर आणि पिवळसर. नळीचं भोक उंचावर, तिथवर आत्याबाईंना चढवायचं कसं? वकीलसाहेबांनी बाजरीची पोती एकावर एक रचून पायऱ्या केल्या. त्या दिवशी कोर्टात पेशी होती, ती त्यांनी समोरच्या वकिलाच्या हातापाया पडून पुढे ढकलली. मोठी पेशी घरी होती.

पहिला डोळा कल्हईवाल्यानं लावला. आपल्या नवसागरानं काय केलं हे बघायला तो आला होता आणि त्याला शनीचं भय नव्हतं. तो वरून म्हणाला, "अरे, इसकू तो किसी ने कंगन पहनाया." हे ऐकून वकीलसाहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात.

आत्याबाई न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. मी एका बाजूनं आणि कल्हईवाल्यानं दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना पोत्यांवर चढवलं. त्यांचे ओठ हालत होते. इतक्या वर्षांचं साठलेलं विचारायचं होतं, त्याची त्या उजळणी करत असाव्यात. वकीलसाहेब नळीला खांदा लावून उभे राहिले आणि म्हणाले, "आत्या, मुलजिम हजर हाय. इचार काय इचारायचं ते."

आत्याबाईंना काही दिसेना. त्यात पृथ्वी फिरते, त्यामुळे शनी भोकातून सरकत जातो आणि नळी सारखी ढकलावी लागते. "आला का?" "न्हाई." "आता?" "धुकं हाय नुसतं." वकीलसाहेब घामाघूम. थंडीत त्यांच्या कपाळावरून धारा लागलेल्या. ते नळी केसभर हलवत, स्वतः पोत्यांवर चढून बघत, पुन्हा आत्याबाईंचं डोकं अलगद त्या भोकाशी आणत. मला वाटायला लागलं की आपण उशीर केला.

एकाएकी आत्याबाई म्हणाल्या, "थांब. हालवू नगं."

आम्ही कुणी हाललो नाही. शनी सरकला तसा वकीलसाहेबांनी खांद्यानं नळी त्याच्या मागोमाग नेली. नुसत्या अंदाजानं.

"ह्योच का रे?"

"ह्योच."

"एवढासा?" मग त्यांनी विचारलं, "किती लांब ऱ्हातो?"

वकीलसाहेबांनी सांगितलं, बैलगाडी जुंपून आज निघालं आणि रातदिस चाललं, तरी नातवंडांच्या नातवंडांनाही पोचता यायचं नाही. आत्याबाईंनी डोळा काढला नाही. आम्ही त्यांच्या प्रश्नाची वाट बघत होतो, ज्यासाठी एवढा सगळा खटाटोप झाला होता. त्या इतक्या हळू बोलल्या की मला कान द्यावा लागला.

"मग ह्याला माझं घर तरी ठावं असंल का रे?"

ज्या माणसानं शनीची बाजू वर्षानुवर्षं मांडली होती, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खांदा नळीला तसाच लावलेला होता. आत्याबाई खाली उतरल्या, पोत्यावर बसल्या, म्हणाल्या, "उगंच बोल लावला मी एवढ्याशा लेकराला." मग आत जाऊन त्यांनी चूल पेटवली आणि आम्हां सगळ्यांना, कल्हईवाल्यालासुद्धा, पिठलं-भाकरी वाढली.

शनिवारचं तेल त्यांनी सोडलं नाही, शिव्या सोडल्या. मी एकदा विचारलं, आता कशाला तेल घालता? म्हणाल्या, "एकलाच हाय तिकडं. थंडी वाजत असंल." उन्हाळा संपेपर्यंत त्यांचा डावा डोळाही पुरता मिटला. वकीलसाहेब मग रोज संध्याकाळी नळीवरून ओरडून त्यांना शनीची खुशाली कळवायचे आणि त्या चुलीपाशी बसून हुंकार द्यायच्या.

पुढे दोन-तीन हिवाळ्यांनी वकीलसाहेब केजहून तट्टावर येताना थंडीनं गारठले आणि तापानं पडले. छाती भरली. माघ संपायच्या आत गेले. मला अजून कधी कधी संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक आल्यासारखी वाटते आणि मी उठतो. हे बायकोलाही ठाऊक आहे. आता ती काही म्हणत नाही.

सुतकाचे दिवस होते. घर बायकांनी भरलं होतं, मी ओसरीवर बसलो होतो. आत कुजबुज सुरू झाली ती वाढत गेली. कितींदा सांगितलं होतं, त्याच्या नजरेला नजर देऊ नका. शेवटी खाल्लंच त्यानं. आत्याबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून होत्या.

"त्याचं नाव घेऊ नका," त्या म्हणाल्या. "त्यो न्हवं. मी बघितलंय त्याला."

मग त्यांनी ओसरीकडे तोंड करून मला हाक मारली. "मास्तर, दिवे लागले का?" मी म्हणालो, लागले. "मंग ती नळी भाईर काढा. ह्यास्नी दावा." मी म्हणालो, आत्याबाई, सुतक आहे. त्या म्हणाल्या, "सुतक आपल्याला हाय. त्याला न्हाई."

मी नळी बाहेर काढली, पोती रचली. एकट्यानं ती कधी चालवली नव्हती. शनी सापडेना, सापडला की निसटायचा, आणि मला वकीलसाहेबांची इतकी आठवण येत होती की भोकातून धड दिसत नव्हतं. अखेर तो आला. मी बाजूला झालो. बायका डोक्यावर पदर घेऊन, एकमेकींना धरून अंगणात उभ्या होत्या. बराच वेळ कुणी पुढे होईना. मग त्यांतली एक, जिचं बोलणं सगळ्यांत मोठं होतं, ती पोत्यांवर चढली आणि तिनं डोळा लावला.

आत्याबाई चाचपडत उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "दिसला का गं? हाय का न्हाई देखणा?"

मी नळी थोडी सरकवली. मग ती बाई तशीच, डोळा न काढता, रडत रडत म्हणाली, "हाय, आत्याबाई."